अफगाण मैत्रिणीला गाडी शिकवू का? नवरा म्हणतो कशाला भानगडीत पडतेस

पत्र (थोडं छोटं केलंय, नाव बदललंय):

ताई नमस्कार. आम्ही अटलांटाजवळ टकरला राहतो, मी मूळची नाशिकची. शनिवारी मी क्लार्कस्टनला एका चर्चमध्ये इंग्लिशच्या क्लासला मदत करायला जाते, तिथे एका अफगाण मुलीशी ओळख झाली, तिला नर्गिस म्हणूया. काबूलहून निघून ते आधी इस्लामाबादला अडकले होते, मग २०२३ मध्ये रेफ्युजी म्हणून इथे आले. तिचं उर्दू आणि माझं हिंदी, आमचं छान जमतं. नवरा गेन्सव्हिलला चिकन प्लँटमध्ये रात्रपाळी करतो, व्हॅनने जातो-येतो. तीन मुलं, धाकटं दोन वर्षांचं. घरात एक जुनी कोरोला आहे पण ती फक्त नवरा चालवतो आणि तो दिवसभर झोपलेला असतो. डॉक्टर, ग्रोसरी, लसी, सगळीकडे मीच नेते. तिला एका डेकेअरमध्ये काम मिळू शकतं पण तिथे बसने जाणं अशक्य आहे. तिने मला विचारलं, मला गाडी शिकवशील का, आणि मी लगेच हो म्हटलं. आता माझा नवरा म्हणतो आपण एच-१बीवर, काही झालं तर केस होईल, भानगडीत पडू नकोस. तिचा नवरा म्हणतो नंतर बघू. त्यात परवा पार्किंग लॉटमध्ये तिला नुसतं सीटवर बसवलं होतं, गाडी बंद होती, मागून कोणीतरी हॉर्न मारला तर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि बराच वेळ हललीच नाही. मी घाबरले. हे मी करायचं काम आहे का? – अ., टकर

प्रिय अ.,

हो म्हटलंस ते बरोबर केलंस, आता ते नीट निभवायचं कसं ते बघू. तुझा नवरा बोलतोय त्यातही तथ्य आहे आणि तुझी भीतीही खोटी नाही, दोन्हीकडे येते. पण आधी एक वेगळीच गोष्ट बोलायचीय, ती तू पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलीस. "सगळीकडे मीच नेते."

ही लिफ्ट तू मनापासून देतेस यात शंका नाही, पण नर्गिसच्या बाजूने विचार कर. आधी तिला कुठे जायचं तर नवऱ्याची वाट बघायची, आता तुझी बघायची. पोराला ताप आला की आधी तुला मेसेज, मग तू फ्री आहेस का, मग तुझ्या मुलाचं पिकअप झालंय का, आणि एवढं करून परत सारखं थँक्यू म्हणायचं. माणसाला हे किती जड जातं ते तुला मी सांगायला नको, तू एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बीवरच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आलीस तेव्हा शनिवार-रविवारशिवाय घराबाहेर पडता यायचं नाही असं तूच पुढे लिहिलंयस (ते इथे छापलं नाही). अर्थात तुझी आणि तिची गोष्ट एक नाही. तुला नाशिकचं तिकीट काढता येत होतं. ती ज्या देशातून आली तिथे डिसेंबर २०२१ मध्ये तालिबानने फर्मान काढलं की ७२ किलोमीटरच्या वरच्या प्रवासात बाईबरोबर घरातला पुरुष हवाच, आणि मे २०२२ मध्ये हेरातच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना सांगितलं की बायकांना लायसन्स देणं बंद करा. म्हणजे त्याआधी हेरातमध्ये बायका शिकत होत्या, काबूलमध्येही गाडी चालवणाऱ्या बायका होत्या, थोड्या असतील पण होत्या. म्हणून "यांच्यात बायका चालवतच नाहीत" असं धरून चालू नकोस आणि कोणी म्हणालं तर तिथेच थांबव. तिला विचार, तिने आधी कधी स्टेअरिंग धरलंय का, घरात कोणी बाई चालवायची का. कदाचित तुला काहीतरी वेगळंच ऐकायला मिळेल.

आणि गाडी का लागते हे भारतातून वाचणाऱ्यांसाठी सांगते, कारण त्यांना वाटेल एवढं काय, बसने जा ना. क्लार्कस्टन छोटं गाव आहे, १९८०च्या दशकापासून तिथे जगभरचे रेफ्युजी वसवले जातात, व्हिएतनाम, भूतान, बर्मा, कांगो, सोमालिया, सीरिया, अफगाणिस्तान, पण अटलांटाची मार्टा ट्रेन गावात येत नाही, जवळची स्टेशनं म्हणजे इंडियन क्रीक आणि केन्सिंग्टन, तिथपर्यंत बस, बसची वाट बघत उभं राहायचं, बऱ्याच रस्त्यांना फूटपाथसुद्धा नाही. रिक्षा नावाचा प्रकार नाही. पहाटेच्या शिफ्टला, तीन मुलांना वेगवेगळीकडे सोडून, या बसने वेळेत पोचून दाखव. म्हणून तिथे लायसन्स म्हणजे सरळ पगार. डेकेअरची नोकरी हातातून जातेय ती लायसन्स नाही म्हणून, तिला मुलं सांभाळता येत नाहीत म्हणून नाही.

आता तुझ्या नवऱ्याचं. त्याला "तू नेहमी असंच" वगैरे म्हणू नकोस, त्याची काळजी कागदावर उतरव आणि एकेक सोडव. पहिला फोन तुमच्या इन्शुरन्सला. स्पष्ट विचार की आमच्या घरात न राहणारी, शिकाऊ परमिट असलेली व्यक्ती माझ्या गाडीत, मी शेजारी बसलेली असताना चालवत असेल तर तुम्ही कव्हर करता का, आणि जे उत्तर येईल ते ईमेलवर मागून घे, फोनवरच्या "येस मॅम"ला काही अर्थ नसतो. नाही म्हणाले तर विषय संपला, तुझ्या गाडीत शिकवायचं नाही. हो म्हणाले तरी लिमिट बघ. जॉर्जियात सक्तीची किमान लायबिलिटी म्हणजे एका जखमी माणसामागे २५ हजार डॉलर, एका अपघातात सगळे जखमी मिळून ५० हजार आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचं २५ हजार, आणि अमेरिकेतली हॉस्पिटलची बिलं तू बघितली आहेस, ह्यात काही भागत नाही. तुमची पॉलिसी किमानवर असेल तर नर्गिस असो नसो, वाढवून घ्या. पैसे मात्र तिच्याकडून एक डॉलरही घेऊ नकोस, पेट्रोलचेसुद्धा नको, पैसे घेऊन शिकवायचं म्हटलं की स्टेटचं लायसन्स लागतं आणि मग खरंच भानगड होईल.

पण माझं मत विचारशील तर सुरुवात तुझ्या गाडीत करूच नका. पहिले काही धडे लायसन्स असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत होऊ देत, जिथे शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, आपल्याकडे मोटार ट्रेनिंगच्या गाडीत मास्तरकडे असतो तसा. परवाचा हॉर्नचा प्रसंग बघता हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे बाई इन्स्ट्रक्टर मिळते का आधी विचारा, बऱ्याच जणींचं अर्धं अवघडलेपण तिथेच जातं. हे धडे महाग असतात आणि त्यांना झेपणार नाहीत, मग इथे तुझं खरं काम सुरू होतं. मंडळाच्या ग्रुपवर टाक. गणपतीची वर्गणी काढतो तशी दोन-चार घरांनी मिळून एका बाईच्या धड्यांचे पैसे भरणं आपल्या लोकांना अजिबात कठीण नाही, फक्त कोणीतरी नीट मागायला पाहिजे, आणि मागताना तिचा फोटो, तिची कहाणी, तिचं नाव काही टाकू नकोस, "एका बाईला गाडी शिकायचीय" एवढं पुरे. रेफ्युजींना वसवणाऱ्या संस्थांकडेही विचार, आणि त्या भागात रेफ्युजी विमेन्स नेटवर्कसारखी जुनी संस्था आहे, पण जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने रेफ्युजी घेण्याचा कार्यक्रमच थांबवला, सरकारी पैसा आटला, संस्थांनी माणसं कमी केली, त्यामुळे फोन उचलायला उशीर झाला तर चिडू नकोस, परत कर.

कागद. परमिटशिवाय रस्त्यावर एक फूटसुद्धा नाही. जॉर्जियात लायसन्स नसताना गाडी चालवणं हा गुन्हा धरतात, नुसतं चलान फाडून सोडतील असं नाही, अटक होऊ शकते, आणि ग्रीन कार्ड हातात नसलेल्या माणसाला ते किती महागात पडेल ते वेगळं सांगायला नको. परमिटची फी १० डॉलर. त्यासाठी डीडीएसमध्ये (आपल्या आरटीओसारखं जॉर्जियाचं लायसन्स ऑफिस) डोळे तपासतात आणि परीक्षा असते, २० प्रश्न नियमांचे, २० पाट्यांचे, दोन्हीत निदान १५-१५ बरोबर यायला लागतात. परमिट मिळालं की पुढच्या सीटवर २१ वर्षांवरचा लायसन्सवाला माणूस बसलेला पाहिजे, ती तू. वय १८च्या वर असल्यामुळे परमिटवर वर्षभर थांबायची अट तिला नाही, तयारी झाली की रोड टेस्टला जाता येतं.

जायच्या आधी एका संध्याकाळी तिचे सगळे कागद टेबलावर मांडून बसा, आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद), वर्क परमिट, सोशल सिक्युरिटी, पत्त्याचे पुरावे. नावाचं स्पेलिंग प्रत्येकावर अक्षरन् अक्षर एकच आहे का बघा. अफगाण लोकांचं हे फार होतं, घरी एकच नाव असतं मग इथल्या फॉर्मवर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन) छापून येतं, जन्मतारीख माहीत नव्हती म्हणून १ जानेवारी टाकलेली असते, आणि एका कार्डावर एक दुसऱ्यावर दुसरं असं झालं की खिडकीवरची बाई हात वर करते. चूक असेल तर आधी ती दुरुस्त करा, परमिट नंतर. डीडीएस तिचे कागद फेडरल सिस्टीममधून पडताळतं, ते कधी तिथल्या तिथे होतं कधी होत नाही आणि परत यायला सांगतात, नर्गिसला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर तिला वाटेल आपल्याला नाकारलं. नाकारलं जाण्याचा अनुभव या लोकांना पुरेसा आहे. अजून एक, लायसन्सची मुदत इमिग्रेशनच्या कागदाच्या मुदतीला बांधलेली असते, ती तारीख तिच्या फोनमध्ये टाकून दे.

परीक्षा कुठल्या कुठल्या भाषेत देता येते ते डीडीएसच्या साइटवर त्या आठवड्यात बघ, या गोष्टी बदलत असतात. पण रस्त्यावरच्या पाट्या इंग्लिशमध्येच वाचता यायला हव्यात, तिथे सूट नाही, आणि नसावीही. यासाठी तुझा शनिवारचा क्लास सोन्यासारखा आहे. तिथे "दिस इज अ पेन" शिकवत असाल तर ते बंद करा आणि यील्ड, मर्ज, वन वे, डू नॉट एंटर, स्कूल झोन शिकवा, क्लासमधल्या बाकीच्या बायकांनाही हेच हवंय, विचारून बघ. लिफ्ट देत असशील तोवर त्या लिफ्टचा पण उपयोग कर. तिला पुढे बसव आणि प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायला लाव, फोर-वे स्टॉपला, म्हणजे चारही बाजूंना स्टॉपची पाटी असलेल्या चौकात, आता कोणाचा नंबर ते तिला सांगू दे, स्कूल बसचा लाल हात, म्हणजे बाजूची स्टॉपची पाटी, बाहेर आला की का थांबलो ते तिने तुला सांगायचं. क्लार्कस्टनमध्ये गावाच्या मधून मालगाडीचा रूळ जातो, ते क्रॉसिंग तर तिला रोज लागणार. एका बाबतीत तिचं तुझ्यापेक्षा सोपं आहे, अफगाणिस्तानात रस्त्याच्या उजव्या बाजूनेच चालवतात, आपल्यासारखं डावीकडून उजवीकडे डोकं फिरवावं लागणार नाही. पाकिस्तानात मात्र डावीकडून आहे, तिथे राहून आल्यात तर सुरुवातीला गोंधळ होईल, लक्ष ठेव.

आता हॉर्न. तू हे शेवटी लिहिलंयस पण माझ्या मते तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

तिने काय बघितलंय, कुठला आवाज ऐकलाय ते तुला माहीत नाही, मलाही नाही, आणि ते विचारून घ्यायचा आपल्याला अधिकार नाही. ती आपणहून बोलली तर ऐक, उकरू नकोस. एवढं लक्षात ठेव की असं थिजणं हा भित्रेपणा नाही, तिच्या शरीराने कधीतरी जीव वाचवायला शिकलेली गोष्ट आहे ती, आणि चालत्या गाडीत ती धोक्याची आहे, दोन्ही खरं. म्हणून गाडी चालू करायच्या आधीच तिच्याशी बसून ठरव की असं झालं तर काय करायचं. पाय ब्रेकवर, गाडी पार्कमध्ये, हात मांडीवर, श्वास. हे बंद गाडीत इतक्या वेळा करायचं की विचार करावा लागू नये. तू कुठले शब्द वापरणार तेही ठरवा, दोन-तीनच, तिच्या भाषेतले, आणि तेच प्रत्येक वेळी त्याच आवाजात. उजवं-डावं तोंडाने सांगण्यापेक्षा तिला दिसेल असा हात पुढे करून दाखव. तिच्या अंगाला किंवा स्टेअरिंगला न सांगता हात लावायचा नाही. ओरडायचं तर अजिबातच नाही, आपल्यात नवऱ्याकडून गाडी शिकलेल्या किती जणींनी त्या ओरडण्यापायी कायमची सोडून दिली, तू बघितलं असशील. धडा छोटा ठेवा, ती "बस" म्हणाली की बस, एकदाही "अजून एक राउंड" म्हणायचं नाही, कारण थांबवणं आपल्या हातात आहे हे तिला पटलं तरच ती पुढच्या वेळी येईल.

मग आवाजाची सवय. ती ड्रायव्हर सीटवर, गाडी पार्कमध्ये, आणि हॉर्न तिने स्वतः वाजवायचा. नंतर तू बाहेर उभी राहून, तिला सांगून, दुसऱ्या गाडीचा. नंतर न सांगता, पण तिने त्याला हो म्हटलं असेल तरच. घाई नको. आणि हे सगळं करूनही ती थिजत असेल, किंवा रात्रीची झोप उडाली असं म्हणत असेल, तर मग गाडी बाजूला ठेवून तिच्या संस्थेच्या केसवर्करला गाठा, रेफ्युजींबरोबर काम करणारे काउन्सेलर असतात, दुभाष्याबरोबर बोलता येतं. त्यात वेळ गेला तर जाऊ दे.

जागा म्हणशील तर आठवड्यातल्या सकाळी रिकामं असलेलं त्या चर्चचंच पार्किंग, परवानगी काढून. तिथे सरळ रिव्हर्स, पॅरलल पार्किंग, अचानक ब्रेक हे पक्कं करा, रोड टेस्टला लागतं. मग आतल्या गल्ल्या. मेमोरियल ड्राइव्ह बराच नंतर, तो रस्ता तुला मला सुद्धा नको वाटतो. आणि २८५ नंबरचा हायवे टेस्ट पास होईपर्यंत नकोच, डेकेअरला आतल्या रस्त्याने जाता येतं ना ते बघ, तोच रस्ता तिला पाठ करू दे, सकाळच्या त्याच वेळेला, त्याच गर्दीत.

मुलं गाडीत नकोत. शिकताना मागे तिघं रडत असतील तर कोणालाच जमणार नाही. बहुतेक बायकांचं शिकणं इथेच अडतं, भीतीने कमी आणि "धाकट्याला कोणाकडे ठेवू" याने जास्त. म्हणून तू एकटी करू नकोस, अजून एक मैत्रीण गाठ जी तेवढा वेळ मुलांजवळ बसेल, ज्यांना गाडी शिकवायची भीती वाटते पण मदत करायचीय अशा बऱ्याच जणी असतात. पुढे ती स्वतः मुलांना घेऊन जाईल तेव्हा आठ वर्षांखालच्या मुलांना कार सीट किंवा बूस्टर जॉर्जियात कायद्याने लागतं, तेही आत्तापासून कानावर घाल.

तिचा नवरा. "नंतर बघू" हे नाही म्हणणं असेलच असं नाही. रात्रभर थंडगार प्लँटमध्ये उभं राहून आलेला माणूस आहे, एकच गाडी आहे, ती ठोकली तर दुसरी घ्यायला पैसे नाहीत, इन्शुरन्स वाढेल, आणि अपार्टमेंटमधले चार लोक काय म्हणतील हेही असेल. त्याच्याशी भांडायला तू जाऊ नकोस, आणि नर्गिसलाही त्याच्याविरुद्ध उभं करू नकोस, शेवटी तू घरी निघून येशील, त्या घरात तिला राहायचंय. त्यांच्यातलीच एखादी मोठी बाई, जी क्लार्कस्टनमध्ये आधीच गाडी चालवते, तिला घेऊन एकदा सगळ्यांनी चहाला बसा. ती बाई जे पाच मिनिटात सांगेल ते तुला जमणार नाही. त्याची झोप मोडून डॉक्टरकडे जावं लागणार नाही, दुसरा पगार येईल, हे त्यालाही समजतं. पण शिकायचं की नाही हे नर्गिस ठरवेल, तो नाही आणि तूही नाही. आणि एक बारीक लक्ष ठेव. तो काळजीने थांबवतोय का धाकाने, यात फरक असतो. तिचा फोन तपासणं, कागद लपवून ठेवणं, पैसे हातात न देणं, मारहाण, असलं काही दिसलं तर मग गाडी बाजूला राहू दे, अटलांटात टॅपेस्ट्री नावाची संस्था इमिग्रंट आणि रेफ्युजी बायकांसाठी हेच काम करते, आणि नॅशनल डोमेस्टिक व्हायोलन्स हॉटलाइन २४ तास चालू असते, १-८००-७९९-७२३३. नंबर तिला तोंडी दे, मेसेज करू नकोस.

पोलिसांनी थांबवलं तर काय, याची प्रॅक्टिस रस्त्यावर जायच्या आधी करा. चेकपॉइंटवर बंदुका बघितलेल्या बाईला मागे निळे दिवे दिसले की काय होईल याचा विचार कर. बाजूला घे, थांब, काच खाली, हात स्टेअरिंगवर दिसतील असे, गाडीतून उतरायचं नाही, सांगितल्याशिवाय पर्समध्ये हात घालायचा नाही. आपल्याकडे आपण उतरून "साहेब" म्हणत जातो, इथे ते चालत नाही. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स एका पाकिटात, ठरलेल्या जागी. फोन हातात धरायचा नाही, २०१८ पासून जॉर्जियात तो कायदा आहे, फोन मांडीवर पण नको.

लायसन्स आलं की लोक पेढे वाटून मोकळे होतात आणि मग सहा महिन्यांनी कळतं की ती अजून घरीच आहे. कारण किल्ली नवऱ्याकडे, गाडी दिवसभर खाली उभी, आणि इन्शुरन्सवर तिचं नावच नाही. म्हणून चहाला बसाल तेव्हाच हे पण काढा, तो झोपलेला असताना गाडी तिच्याकडे, तिची वेगळी किल्ली, पॉलिसीवर ड्रायव्हर म्हणून तिचं नाव. पुढे दुसरी गाडी घेतली तर तिच्या कागदावर तिचंही नाव लागू दे. आणि "इथेच घ्या इथेच हप्ते भरा" वाल्या डीलरकडे सही करायच्या आधी तू किंवा तुझा नवरा तो कागद वाचा, व्याजाचा दर बघा, इंग्लिश न येणाऱ्या माणसाला तिथे फार सहज गुंडाळतात. तुझ्या नवऱ्याला हे काम दे खरंच, आकड्यांची काळजी करणारा माणूस आहे, त्याला जमेल आणि त्यालाही बरं वाटेल.

तू विचारलंयस की हे मी करायचं काम आहे का. सगळं नाही. ब्रेकवाल्या गाडीतलं शिकवणं इन्स्ट्रक्टरचं, मनाचं काउन्सेलरचं, नवऱ्याला समजावणं तिचं आणि त्या मोठ्या बाईचं. तुझ्याकडे उरतं ते कागद, पाट्या, शेजारची सीट आणि धीर, तेवढं भरपूर आहे. आणि आत्तापासूनच तिला डॉक्टरची अपॉइंटमेंट स्वतः फोन करून घ्यायला लाव, दुभाषी मागायचा तिला हक्क आहे, नाहीतर लायसन्स आल्यावरही फोन तूच करत बसशील.

सोमवारी आधी इन्शुरन्सला फोन कर. त्यांचं उत्तर काय आलं ते कळव, कागदात नावाचा घोळ निघाला तर तेही लिही, कोणाकडे जायचं ते शोधून सांगते.

– ताई